राखीव नमुना

तराजूच्या पडद्यावर दशांश चिन्हानंतर चार आकडे असतात. पहिले तीन दोन-चार सेकंदांत थांबतात. चौथा थांबत नाही. काचेची दारं बंद असली, पंखा बंद असला, आपण श्वास रोखून धरला, तरी तो दोनावरून तिनावर जातो, परत दोनावर येतो, कधी उगीचच पाचावर जाऊन बसतो. यंत्रात दोष नसतो. इतक्या बारीक मापाला खोलीतली हवासुद्धा जाणवते. आता विद्यार्थ्यांना वजन करायला शिकवताना मी सांगते, तिसरा आकडा थांबला की लिहून टाका. त्या फेब्रुवारीत मात्र मी सकाळी सव्वानऊपासून त्या चौथ्या आकड्याकडे बघत बसले होते, आणि बाहेर आप्पा बोरस्ते माझी वाट बघत होते.

“मॅडम,” नमुन्यांची खोली सांभाळणाऱ्या निरगुडेबाईंनी दार ढकललं. “ते बोरस्ते तिसऱ्यांदा विचारतायत. चहा दिला तर नको म्हणाले. बिस्किटं मात्र सगळी खाल्ली.”

“आले.”

“थांबला का आकडा?”

मी वर बघितलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. पदराला हात पुसत, खरोखरच विचारत होत्या.

“नाही,” मी म्हणाले.

“मग चला की. तो काय आपल्यासाठी थांबणारे?”

नाशिकजवळ, ओझरच्या रस्त्यावर आमची प्रयोगशाळा होती. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला आहे ते तपासायचं, हे आमचं काम. बागेतून पाच किलो द्राक्षं यायची, त्यांचा गोठवून लगदा व्हायचा. त्यातला थोडा भाग आम्ही तपासायचो आणि थोडा सीलबंद पिशवीत डीप फ्रीझरमध्ये राखून ठेवायचो. आमचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय बागेतला घड कापायला परवानगी नव्हती. रिपोर्टवर सही माझी. अकरा वर्षांत माझ्या सहीचा एकही रिपोर्ट उलटला नव्हता. आमचे संचालक आठल्ये सर आल्यागेल्याला हे सांगायचे, तेही माझ्यासमोर, आणि पाहुणे माझ्याकडे वळून बघायचे. मी हसायचे. त्या वेळी डाव्या बरगडीखाली काहीतरी आवळून यायचं. दोनदा मी हृदयाचा आलेख काढून घेतला होता. दोन्ही वेळा उत्तम.

आठल्ये सरांच्या खोलीत तिघं बसले होते. सर स्वतः, मान्यतेच्या नूतनीकरणासाठी दोन दिवस आलेले ऑडिटर बिडकर, आणि साठीचे आप्पा बोरस्ते. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर फवारणीची वही.

“या मॅडम, या,” आप्पा म्हणाले. “तुमच्या मशीनला माझी द्राक्षं गोड लागली नाहीत म्हणे.”

“मशीनला चव नसते, बोरस्तेसाहेब.”

“तेच म्हणतोय मी. चव असती तर पास केला असता माझा प्लॉट. ही वही बघा. ज्या औषधाचं नाव तुम्ही लिहिलंय ना, ते मी डिसेंबरनंतर हातात धरलेलं नाही. अडीच एकर बाग उभी आहे, साखर भरलीय, पॅकहाऊसवाला रोज फोन करतोय. आणि तुम्ही सांगता मर्यादेच्या दीडपट!”

“मर्यादा शून्य पूर्णांक शून्य पाच. तुमचा आकडा शून्य पूर्णांक शून्य आठ तीन,” मी म्हणाले. “शेजारच्या फवारणीतून वाऱ्यानं आलं असेल. तसं होतं.”

“शेजारी कोण आहे ठाऊक आहे ना?” आप्पा पुढे वाकले. “तुमच्या निरगुडेबाईंचा दीर. बांधावरून सात वर्षं कोर्टात आहोत आम्ही. आणि नमुन्यांच्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला? बाईंच्या! आता मी काही बोलत नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात.”

“आप्पा, असं बोलू नका,” आठल्ये सर म्हणाले. “बाई एकोणीस वर्षं आहेत इथे. तुम्हाला शंका आहे ना? राखीव नमुना आहेच. उद्या सकाळी तुमच्यासमोर सील फोडू, परत तपासू. मॅडमचा आकडा आहे. तोच येणार.”

बिडकरांनी वहीत काहीतरी लिहिलं. हळू बोलणारा माणूस होता. “सील फोडण्याआधी पिशवीचं वजन करून घ्या,” ते म्हणाले. “लेबलवर मूळ वजन असेलच.”

“ती पद्धत आपल्याकडे…” सर माझ्याकडे वळले.

“नवीन नियमावलीत आहे. या वर्षीपासून.”

“ठीक आहे,” मी म्हणाले. “उद्या अकराला.”

माझा आवाज नेहमीसारखाच होता. कॉलेजात मैत्रिणी मला बर्फ म्हणायच्या. मुलाखतीत, परीक्षेत, आई गेली त्या दिवशीसुद्धा, माझा आवाज कधी हलला नव्हता. खोलीबाहेर पडून मी स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला आणि दोन्ही मनगटं पाण्याखाली धरून उभी राहिले. त्या पिशवीत तीस ग्रॅम कमी होते. ते मीच काढले होते.

हे कसं झालं ते सांगते. सुरुवात साधी होती. सही केली की मी घरी निघायचे, आणि द्वारका चौकात पोचेपर्यंत वाटायचं, गुणाकार बरोबर केला ना? स्कूटर वळवायची. गुणाकार बरोबर असायचा. मग गुणाकारानं भागेना. मशीनला लगद्याचा तोच अर्क पुन्हा द्यायला लागले. आकडा तोच यायचा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, एखादा तास. मग वाटायचं, अर्कच चुकीच्या नमुन्याचा असला तर? एका रविवारी सकाळी, प्रयोगशाळा बंद असताना, ऑफिसातल्या जादा किल्लीनं नमुन्यांची खोली उघडून मी राखीव पिशवीचं कागदी सील फोडलं. दहा ग्रॅम लगदा खरवडून घेतला, पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं आणि नवीन सील चिकटवून त्यावर माझी सही आणि जुनी तारीख घातली. आकडा तोच आला. त्या रविवारी मी दुपारी चार तास झोपले.

राखीव नमुना हा वाद झाला तरच, दोन्ही बाजूंच्या समोर उघडायचा असतो. हे मी नवीन माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचे.

त्यानंतर तीन वर्षांत किती रविवार गेले, मोजले नाहीत. मशीनच्या नोंदीत त्या चाचण्यांना मी ‘सराव’ असं नाव द्यायचे. बोरस्तेंचा नमुना नापास होता, म्हणून मी तो तीनदा उघडला होता. आठ तीन, आठ एक, आठ चार. मी प्रत्येक वेळी बरोबर होते. आणि आता ते सिद्ध करायला जी एक गोष्ट लागणार होती ती मी माझ्याच हातांनी वाया घालवली होती.

माझ्या टेबलाच्या तळच्या खणात एक पत्र होतं. ‘माझा सहीचा अधिकार काढून घ्यावा, ही विनंती.’ दर एप्रिलमध्ये हंगाम संपला की मी ते काढायचे, वाचायचे, तारीख बदलून पुन्हा छापायचे आणि परत ठेवायचे. कारण लिहायची जागा प्रत्येक प्रतीत कोरी होती.

दुपारी मी नमुन्यांच्या खोलीत गेले. निरगुडेबाई फ्रीझरचं तापमान वहीत लिहीत होत्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रविवारीसुद्धा. रविवारीसुद्धा, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

“उणे एकोणीस,” त्या म्हणाल्या. “उद्या पिशवी काट्यावर ठेवणार म्हणे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“शिपाई सांगतो, भिंती सांगतात.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मॅडम, मी काय सांगू उद्या?”

“म्हणजे?”

“म्हणजे विचारतील ना मला. किल्ली माझ्याकडे. आणि तो आप्पा काय काय बोलून गेलाय ते कळलंय मला. आमचा दीर आणि तो, दोघं सारखेच. पण त्यात माझं नाव कशाला?”

मी फ्रीझरच्या दाराकडे बघत राहिले. रबराच्या कडेला पांढरी बर्फाची भुकटी जमली होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील. सील नवीन दिसायचं. जुन्या सीलची कड फ्रीझरात पिवळी पडते, नव्याची पडत नाही. तुमच्याइतकं शिकले नाही, पण एवढं दिसतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? चोरी करणारं माणूस काही घेऊन जातं. तुम्ही तर परत ठेवत होता.” बाईंनी स्टूल पुढे ओढलं, माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. “माझी थोरली बहीण होती, लासलगावला. रात्री दाराला कडी लावायची. झोपायची. उठून बघायची. परत झोपायची, परत उठायची. सासू म्हणायची, काय संसाराची काळजी हो आमच्या सुनेला! गावात कौतुक. घर असं चकचकीत, कोणी बोट ठेवायला नको. फक्त मला माहीत होतं की तिला झोप नाही.”

“मग?”

“मग काय. गेली ती कौतुक ऐकत ऐकत.” त्यांनी वही बंद केली. “मी उद्या सांगते, पिशवी माझ्या हातून पडली, फाटली, थोडं सांडलं, भीतीनं दुसऱ्या पिशवीत भरलं. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी. फार तर काय, घरी बसवतील. तुमचं नाव मोठं आहे, मॅडम. ते पडलं तर या इमारतीत उरतं काय?”

या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मी म्हणाले, “कुलूप नीट लावा,” आणि निघून आले.

जेवताना नंदननं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं, “उद्या तुझं ऑडिट ना? कोण आलाय तो? त्यालाच घाम फुटेल बिचाऱ्याला.”

“पिठल्यात मीठ बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

थोड्या वेळानं तो हसला. “ऊर्मिला, तू मिठाचं दुसऱ्यांदा विचारलंस. आहे बरोबर.”

पहिल्यांदा विचारलेलं मला आठवत होतं. दुसऱ्यांदा विचारलेलं आठवत नव्हतं.

सकाळी अकराला नमुन्यांच्या खोलीत आम्ही पाच जण उभे होतो. आठल्ये सरांनी त्या दिवशी टाय लावला होता. आप्पा बोरस्ते हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसे उभे होते. बिडकरांनी आधी काटा तपासला, मग मान हलवली. निरगुडेबाईंनी कुलूप काढलं, पिशवी बाहेर आणली आणि दोन्ही हातांनी काट्यावर ठेवली.

हा काटा माझ्या तराजूसारखा नव्हता. एकच दशांश दाखवणारा, दणकट. आकडा लगेच थांबला.

“दोनशे एकतीस पूर्णांक नऊ,” बिडकरांनी वाचलं. मग चष्मा वर करून लेबल वाचलं. “इथे आहे दोनशे बासष्ट पूर्णांक चार.”

आप्पांनी मागे बांधलेले हात पुढे आणले.

“साडेतीस ग्रॅम कमी,” बिडकर म्हणाले. “सील अखंड दिसतंय.”

“फ्रीझरमध्ये वाळतं ना थोडं,” आठल्ये सर घाईनं म्हणाले. “बर्फ उडून जातो. मॅडम, तुम्ही सांगा त्यांना. वाळतं ना?”

सगळे माझ्याकडे वळले. मी त्या विषयात पीएचडी होते. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्या खोलीत मला अडवणारं कोणी नव्हतं. बिडकरांनीही कदाचित लिहून घेतलं असतं. मी पिशवीवरच्या सीलकडे बघितलं. पांढरं स्वच्छ होतं. शेजारच्या उघड्या खणात इतर पिशव्या दिसत होत्या, त्यांच्या सीलच्या कडा पिवळट. बाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. इतकी वर्षं मी चौथ्या आकड्याकडे बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

“इतक्या दिवसांत एक ग्रॅम,” मी म्हणाले. “फार तर दीड.”

“मग एकोणतीस ग्रॅम गेले कुठे?” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “मी काल बोललो तर सरांना राग आला. आता बोला. किल्ली कोणाची? पिशवीतून काय काढलं, काय घातलं, देवाला माहीत. माझा प्लॉट नापास झाला तर कोणाच्या घरी पुरणपोळी होणार होती, ते गावात विचारा.”

“बाई,” आठल्ये सर म्हणाले. एकोणीस वर्षांत ते त्यांच्याशी असे बोलले नसतील. “काय आहे हे?”

निरगुडेबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. “सर, माझी चूक झाली,” त्यांनी सुरुवात केली. “पिशवी माझ्या हातून…”

“बाई, थांबा,” मी म्हणाले.

“मॅडम, तुम्ही राहू द्या.”

“थांबा.”

माझा आवाज हलला. मला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. आठल्ये सरांनी चमकून वर बघितलं.

“सील मी फोडलंय,” मी म्हणाले. “तीन वेळा. दर वेळी दहा ग्रॅम घेतले. मागची तारीख घालून नवीन सील लावलं. बाईंनी या पिशवीला आत ठेवण्यापलीकडे हात लावलेला नाही.”

“तुम्ही?” आप्पा म्हणाले. “तुम्ही कशाला? तुमचं माझं काय वाकडं आहे?”

“काहीच नाही, बोरस्तेसाहेब. तुमच्या द्राक्षांत मी काही घातलं नाही. माझा आकडा बरोबर आहे की नाही ते बघत होते. तिन्ही वेळा तो बरोबर आला. पण आता तो धरता येणार नाही. तुमच्या बागेचा नवीन नमुना घ्यायला हवा, आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळेनं तपासायला हवा.”

“बरोबर आला तर परत का बघितला?”

प्रश्न साधा होता. ते खरोखरच विचारत होते. वही काखेत धरून, कपाळाला आठ्या घालून, एखाद्या नवीन रोगाची लक्षणं विचारावीत तसे.

“कारण मला भीती वाटते,” मी म्हणाले. “रोज. सही केल्यापासून दुसरी सही करेपर्यंत.”

बिडकरांचं पेन थांबलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “फक्त हीच पिशवी?”

“मॅडम,” आठल्ये सर मध्येच म्हणाले, “आपण माझ्या खोलीत बसू. तुम्ही दमला आहात. हंगामाचा ताण असतो. बिडकरसाहेब, यांचं रेकॉर्ड बघा तुम्ही, अकरा वर्षांत एकही रिपोर्ट…”

“सर, ते वाक्य आता नको,” मी म्हणाले. “बिडकरसाहेब, हीच पिशवी नाही. तीन वर्षांच्या आहेत. मशीनच्या नोंदीत ‘सराव’ म्हणून लिहिलेली प्रत्येक चाचणी काढा, त्याच तारखांच्या आसपास सापडतील. मी यादी करून देते.”

काट्यावर पिशवी तशीच होती, तिच्याखाली थोडं पाणी जमायला लागलं होतं. निरगुडेबाईंनी ती उचलली, कोरड्या फडक्यानं तळ पुसला आणि परत आत ठेवली. मग कालचंच स्टूल माझ्यामागे आणून ठेवलं. या वेळी मी बसले.

“मग आता करायचं काय?” आठल्ये सरांनी विचारलं. ते कोणाला विचारत होते ते त्यांनाही माहीत नसावं. “बाहेर आजचे चाळीस रिपोर्ट पडलेत. गाड्या उभ्या आहेत. तुमच्या सहीसाठी थांबलेत सगळे.”

तळच्या खणातलं पत्र आणून त्यांच्या हातात द्यावं, असं एक क्षण वाटलं. पण त्यात कारणाची जागा कोरी होती, आणि कारण तर मी आताच बोलून बसले होते.

“देशमाने मॅडमना बोलवा. त्यांनाही इथे सहीचा अधिकार आहे, आणि त्यांचं काम माझ्याइतकंच चांगलं आहे,” मी म्हणाले. “सर, आजपासून मी सही करणार नाही.”